देवासाठी की धनासाठी, हा प्रश्न वर्गात नको

सतराव्या शतकात इंग्रजांनी उत्तर अमेरिकेत वसवलेल्या वसाहतींचा इतिहास तिथल्या शाळकरी मुलांना कसा शिकवावा, यावरचा वाद गेली कित्येक वर्षे थांबलेला नाही आणि पुढेही सरकलेला नाही. २०१० साली टेक्सासच्या शिक्षण मंडळाने सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम बदलायला घेतला, तेव्हा तो पेटला. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकी बंदिवान उतरले त्याला चारशे वर्षे झाली म्हणून २०१९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने गुलामगिरीला केंद्रस्थानी ठेवणारी लेखमाला प्रसिद्ध केली, तेव्हा पुन्हा पेटला. २०२४ मध्ये लुईझियाना राज्याने प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला आणि त्यांच्या शेजारी १६२० चा मेफ्लॉवर करार, म्हणजे त्या नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांनी आपला कारभार चालवण्यासाठी आपसांत केलेला करार, हाही लावण्याची मुभा दिली, तेव्हा तेच दोन पक्ष तेच मुद्दे घेऊन समोरासमोर उभे राहिले. एक पक्ष सांगतो की देवभीरू माणसांनी धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडला आणि देशाचा पाया घातला. दुसरा सांगतो की जमीन, तंबाखू आणि फुकटचे श्रम हेच खरे कारण होते आणि धर्म हे त्यावरचे पांघरूण होते. माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करत आहेत. वसाहतवाल्यांच्या मनात काय होते, एवढ्यावरच दोघांचे लक्ष खिळले आहे. धर्म वर्गात आज शिकवला जातो त्यापेक्षा अधिक शिकवला पाहिजे. परंतु त्या माणसांच्या चारित्र्याचा दाखला म्हणून त्याकडे पाहण्याऐवजी, त्या श्रद्धेतून कोणते कायदे निघाले, कोणाची जमीन गेली, कोणाला हद्दपार व्हावे लागले आणि कोणाला आसरा मिळाला, हे मुलांसमोर ठेवले पाहिजे.

पहिल्या पक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. प्युरिटनांची, म्हणजे इंग्लंडचे चर्च अधिक शुद्ध करू पाहणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांची, श्रद्धा खरी होती. आजच्या वाचकाला सगळीकडे आर्थिक हेतू शोधण्याची सवय लागलेली असल्यामुळे, माणसे परलोकाच्या चिंतेने घरदार सोडतात हे त्याला पटत नाही. पण ती सोडतात, आणि १६३० साली गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपबरोबर मॅसॅच्युसेट्सला निघालेल्या शेकडो कुटुंबांनी ती सोडली. टेकडीवरच्या नगरीकडे साऱ्या जगाचे डोळे लागलेले असतात, हा बायबलमधील दाखला विन्थ्रॉपने आपल्या सोबत्यांना दिला, तेव्हा तो त्यांना जबाबदारीची जाणीव करून देत होता. या श्रद्धेतून भरीव गोष्टी निघाल्या. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे या आग्रहापोटी १६४७ साली मॅसॅच्युसेट्सने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमणे सक्तीचे केले. सैतान माणसाला धर्मग्रंथाच्या ज्ञानापासून दूर ठेवू पाहतो, असे कारण त्या कायद्यानेच दिले आहे. ज्या सार्वजनिक शाळेत आज हा वाद चालतो, तिच्या मुळांपैकी एक मूळ असे चक्क सैतानाच्या भीतीत आहे. हे वगळून प्युरिटनांचा इतिहास शिकवणारा शिक्षक मुलांना घटना सांगतो आणि त्यांचे कारण दडवून ठेवतो.

मात्र ‘ते धर्मस्वातंत्र्यासाठी आले’ हे वाक्य ज्या थाटात पाचवीच्या पुस्तकात छापले जाते, त्या थाटात ते टिकत नाही. मेफ्लॉवरमधून प्लिमथला उतरलेल्या विभक्तवादी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या, मंडळींना धर्मस्वातंत्र्य आधीच मिळालेले होते. हॉलंडमधील लायडन शहरात ती दहा-अकरा वर्षे आपल्या पद्धतीने उपासना करत राहिली होती. तिथून ती निघाली याची कारणे वेगळी होती: कष्टाची मजुरी, परक्या शहराच्या चालीरीतींकडे ओढली जाणारी मुले, आणि स्पेनशी पुन्हा युद्ध जुंपण्याची भीती. मेफ्लॉवर जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी निम्म्याहून कमी लोक लायडनच्या मंडळीतले होते. उरलेल्यांत नशीब काढायला निघालेले लोक होते, नोकर होते, कारागीर होते, आणि सगळ्या खर्चामागे लंडनच्या व्यापाऱ्यांचे भांडवल होते. मॅसॅच्युसेट्सची गोष्ट याहून स्पष्ट आहे. १६३१ पासून तिथे चर्चच्या सभासदांनाच मताधिकार होता. मजिस्ट्रेटला कोणाच्या सदसद्विवेकावर हुकमत गाजवण्याचा अधिकार नाही, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. आपल्या घरी बायकांना जमवून पाद्र्यांच्या प्रवचनांची चिकित्सा करणाऱ्या अ‍ॅन हचिन्सनवर १६३७ मध्ये खटला चालला. पाद्री आणि विधी न मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या लोकांना तर फाशी दिली गेली. त्यांच्यातली मेरी डायर १६५९ च्या ऑक्टोबरमध्ये दोन सोबत्यांबरोबर बॉस्टनच्या वधस्तंभाखाली उभी होती. ते दोघे डोळ्यांदेखत लटकले, तिला अखेरच्या क्षणी माफी मिळाली आणि वसाहतीबाहेर काढण्यात आले. ती पुढच्या वसंतात परत आली. अन्याय्य कायदा मागे घ्या, हे सांगायला आलेल्या या बाईला १ जून १६६० रोजी फासावर चढवले. हे ज्या वसाहतीत घडले तिला धर्मस्वातंत्र्याचे माहेरघर कसे म्हणायचे? तिने आपल्या एका उपासनापद्धतीसाठी जागा मिळवली होती आणि ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, असा तिचा निश्चय होता.

इथे शालेय पुस्तकांच्या एका सवयीबद्दल बोलावेसे वाटते. धर्माची काळी बाजू दाखवायची म्हटले की पुस्तके थेट १६९२ च्या सेलमला जातात, जिथे चेटकिणीच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली. मुलांना ते प्रकरण आवडते, नाटकासारखे रंगते. पण त्यातून मुले एवढेच शिकतात की एका गावाला वेड लागले होते. मेरी डायरला शिक्षा देणारी माणसे वेडी नव्हती. ती शांत डोक्याची, सुशिक्षित, आपल्या कायद्याला धरून चालणारी माणसे होती. मुलांना समजायला हवे ते हे, आणि तेच सेलमच्या गडबडीत मागे पडते.

आता दुसरा पक्ष. त्याचेही बळ कमी नाही. व्हर्जिनिया ही कंपनीची वसाहत होती. १६०७ साली जेम्सटाऊनला उतरलेल्या १०४ पुरुष आणि मुलग्यांना लंडनच्या भागधारकांनी नफा कमवायला पाठवले होते. पहिल्या जेम्स राजाने १६०६ मध्ये दिलेल्या सनदेत अंधारात राहणाऱ्या लोकांना ख्रिस्ती धर्म देण्याची भाषा आहे, पण वसाहत तरली ती तंबाखूवर. हे सारे खरे आहे. तरीही ‘उत्तरेत देव, दक्षिणेत धन’ ही जी सोयीची विभागणी वर्गातल्या फळ्यावर दोन रकान्यांत लिहिली जाते, ती व्हर्जिनियाचे स्वतःचे कायदे वाचले की कोसळते. १६०९-१० च्या हिवाळ्यातल्या भीषण उपासमारीनंतर तिथे जी कडक नियमावली लागू झाली आणि १६१२ मध्ये लंडनला छापली गेली, तिच्यात रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला हजर राहणे सक्तीचे आहे. रविवारची उपासना पहिल्यांदा चुकवली तर आठवड्याचा शिधा बंद, दुसऱ्यांदा चुकवली तर वर फटके, तिसऱ्यांदा चुकवली तर मृत्युदंड. व्यापारी कंपनीने हे का करावे? कारण त्या काळच्या इंग्रजाला धर्म आणि शिस्त, चर्च आणि राज्य या वेगळ्या वस्तू वाटतच नव्हत्या. १६१९ साली व्हर्जिनियाची पहिली प्रातिनिधिक सभा भरली तीही जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये, आधी प्रार्थना करून. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच वसाहतीच्या किनाऱ्यावर वीसहून काही अधिक आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले. ज्याला १६१९ हेच खरे सुरुवातीचे वर्ष वाटते त्याने त्या उन्हाळ्यातले चर्चही पाहावे, आणि ज्याला ते चर्च प्रिय आहे त्याने तो किनारा पाहावा.

धर्म हे नुसते पांघरूण होते, या म्हणण्याला सर्वांत चांगले उत्तर गुलामगिरीच्या कायद्यांतच सापडते. इंग्रजांच्या मनात ख्रिस्ती माणसाला कायमचा गुलाम ठेवता येतो का, ही शंका खरोखर होती. एलिझाबेथ की ही आफ्रिकी आईची आणि इंग्रज बापाची मुलगी व्हर्जिनियाच्या न्यायालयात गेली आणि १६५६ मध्ये स्वातंत्र्य मिळवून बाहेर पडली. तिच्या दाव्यात बाप इंग्रज असणे आणि आपण बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती असणे हे दोन्ही आधार होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत मळेवाल्यांच्या सभेने दोन्ही दारे बंद केली. १६६२ च्या कायद्याने मूल आईची स्थिती घेऊन जन्मते असे ठरवले. १६६७ च्या कायद्याने जाहीर केले की बाप्तिस्मा दिल्याने कोणाच्या बंधनात फरक पडत नाही. या दुसऱ्या कायद्याचे कारण मुलांना वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे, असे मला मनापासून वाटते: मालकांची शंका फिटली म्हणजे ते गुलामांमध्ये ख्रिस्ती धर्माचा अधिक काळजीपूर्वक प्रसार करतील, असे त्यात म्हटले आहे. धर्म नुसताच मुखवटा असता तर या कायद्याची गरज पडली नसती. तो खराखुरा होता, मालकीच्या आड येत होता, म्हणूनच त्याला मालकीशी जुळवून घ्यावे लागले. श्रद्धा स्वार्थापुढे कशी वाकते, आणि वाकताना स्वतःला धार्मिक म्हणवत कशी राहते, याचा इतका लहान आणि इतका स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो.

मूळ रहिवाशांच्या बाबतीतही हीच गुंतागुंत आहे. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या मोहरेवर एक स्थानिक माणूस धनुष्यबाण घेऊन उभा आहे आणि त्याच्या तोंडून शब्द निघत आहेत: इकडे या आणि आम्हांला मदत करा. बायबलमध्ये हे शब्द संत पौलाला स्वप्नात दिसलेल्या मॅसेडोनियाच्या माणसाचे आहेत. मोहोर बनवणाऱ्याने ते अशा माणसाच्या तोंडी घातले, ज्याला कोणी विचारले नव्हते. १६३७ मध्ये मिस्टिक नदीकाठचे पीक्वॉट लोकांचे तटबंदीचे गाव बायकामुलांसह जाळले गेले, तेव्हा त्या हल्ल्यातल्या एका इंग्रज कप्तानाने समर्थनासाठी बायबलमधील दावीद राजाच्या युद्धांचा आधार दिला. पण त्याच वसाहतीत जॉन इलियट नावाचा पाद्री स्थानिकांची भाषा शिकला, आणि १६६३ साली केंब्रिजच्या छापखान्यात त्या भाषेतले संपूर्ण बायबल छापले गेले. वसाहतींमध्ये छापलेले ते पहिले बायबल. स्थानिक सहकाऱ्यांवाचून ते होणे शक्य नव्हते. नीपमक समाजातला एक तरुण त्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवत होता. बारा वर्षांनी, १६७५ मध्ये इंग्रज आणि स्थानिक यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा इलियटने धर्मांतरितांसाठी वसवलेल्या गावांतले शेकडो ख्रिस्ती झालेले स्थानिक बॉस्टनच्या बंदरातल्या डिअर बेटावर नेऊन डांबले गेले आणि त्या हिवाळ्यात त्यांतले पुष्कळजण भुकेने आणि थंडीने मेले. धर्म स्वीकारला तरी संशय सुटला नाही. आणि तरीही गेल्या तीसेक वर्षांत वाम्पनोआग लोकांनी आपली बोलेनाशी झालेली भाषा पुन्हा जिवंत केली, तेव्हा त्यांच्या हाताशी आलेल्या मोठ्या साधनांपैकी एक इलियटचे बायबल होते. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

मराठी वाचकाला हे कोडे अनोळखी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज होते, कॅथलिक असल्यामुळे एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये त्यांना उघडपणे आपला धर्म पाळणे धोक्याचे होते. ते १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यांचे मराठीवरचे प्रेम अस्सल होते, याबद्दल ते वाचणाऱ्या कोणालाही शंका येत नाही. परंतु ज्या साष्टीत त्यांनी आयुष्य काढले तिथली देवळे त्यांच्या येण्याआधीच पाडली गेली होती, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, चालू होते. आपण स्टीफन्स वाचतो आणि इन्क्विझिशनही विसरत नाही. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही, आणि एकाने दुसरे खोटेही ठरत नाही. प्रौढ वाचक म्हणून जे आपल्याला जमते, ते मुलांना जमणार नाही असे आधीच का ठरवावे?

या साऱ्यातून मुख्य मुद्दा निघतो तो असा की, हेतूवरून परिणाम ओळखता येत नाही. मॅसॅच्युसेट्सने हाकलून दिलेल्या विल्यम्सने १६३६ मध्ये स्थानिक नॅरॅगॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवले, आणि तिथे कोणालाही उपासनेची सक्ती नव्हती. हे त्याने धर्माविषयी उदासीन होऊन केले नाही. सक्तीची उपासना देवाला किळसवाणी वाटते, अशी त्याची धारणा होती. राज्याचा हात लागला की चर्च भ्रष्ट होते, असे तो मानत होता. म्हणजे बॉस्टनची फाशी आणि प्रॉव्हिडन्सची मोकळीक ही दोन्ही कडव्या प्युरिटन श्रद्धेचीच फळे. आणि विल्यम्सलाही देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही: १६७६ मध्ये युद्धकैदी झालेल्या स्थानिकांना नोकर म्हणून विकण्याची व्यवस्था ज्या समितीने केली, तिच्यात तो होता. व्यापाराचेही तसेच. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६३ साली विल्यम्सच्या ऱ्होड आयलंड वसाहतीला धर्मस्वातंत्र्याची सनद दिली आणि १६६८ साली मुंबई बेट दहा पौंड वार्षिक भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. मुंबईच्या त्या सनदेत बेटाची मालकी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीच्या धर्तीवर धरलेली आहे, जशी ती व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदांत होती. कायद्याच्या कागदावर जेम्सटाऊन, बॉस्टन आणि मुंबई एकाच घराण्यातल्या आहेत. मुंबईत कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला व्यापारी हवे होते, म्हणून १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारख या बनिया व्यापाऱ्याला कंपनीने धर्मपालनाची हमी दिली, त्याच्या आवारात कोणी जीवहत्या करणार नाही इथपर्यंत. नफ्याच्या गणिताने इथे सहिष्णुता दिली. त्याच नफ्याच्या गणिताने व्हर्जिनियात १६६७ चा कायदा दिला. मग मुलांना ‘ते देवासाठी आले की धनासाठी’ असे विचारून आपण त्यांना नेमके काय शिकवतो?

यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांतला सर्वांत प्रामाणिक आक्षेप शिक्षकांचा असतो: दहा वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही, आणि झेपले तरी पालक तक्रार करतील. दुसरा भाग मला खरा वाटतो. मंडळाच्या सभेत आपले नाव घेतले जाईल या भीतीने शिक्षक धर्म हा विषयच गुंडाळून ठेवतात, आणि ती भीती बिनबुडाची नाही. पण कायदा त्यांच्या विरुद्ध नाही, हे त्यांना सांगितले पाहिजे. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेत भक्तिभावाने बायबल वाचण्याची प्रथा घटनाबाह्य ठरवली, तेव्हाच धर्माचा आणि त्याच्या इतिहासाचा अभ्यास हा शिक्षणाचा भाग असू शकतो, किंबहुना त्यावाचून शिक्षण अपुरे राहते, असेही स्पष्ट म्हटले. झेपण्याविषयी म्हणाल तर दहा वर्षांच्या मुलाला न्याय-अन्याय मोठ्यांइतकाच कळतो. ‘हे लोक स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करता यावी म्हणून आले आणि दुसऱ्यांना मात्र तशी करू देत नव्हते’ हे वाक्य पाचवीच्या मुलाला कळते, आणि ते खरे आहे. फाशी, गुलामीचे कायदे, डिअर बेट हे आठवीला आणि अकरावीला मूळ कागदांसह येऊ द्या. वयानुसार तपशील कमी करावा. खोटे सांगू नये.

दुसरा आक्षेप असा की आजच्या मापाने सतराव्या शतकाला तोलणे अन्यायाचे आहे. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. परंतु माप आजचे आणण्याची गरजच पडत नाही. मॅसॅच्युसेट्सला विल्यम्सने त्याच वेळी, त्याच बायबलच्या आधारे विरोध केला होता. मेरी डायरने जीव दिला तो त्याच शतकात. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनच्या क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला आणि दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण वागावे, हा ख्रिस्ताचाच नियम पुढे केला. मेरीलँडच्या १६४९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यात ख्रिस्ताला मानणाऱ्यांना संरक्षण होते आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे तत्त्व, नाकारणाऱ्याला मृत्युदंड. त्यातली मर्यादा आपण आज शोधलेली नाही, ती त्या कायद्यात लिहिलेली आहे. ‘त्या काळी सगळे असेच होते’ म्हणणारा माणूस त्या काळच्या या माणसांना पुसून टाकतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही: आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेची अशी चिरफाड झाली की श्रद्धाळू घरातल्या मुलाला वर्गात अपमान वाटतो. अमेरिकेतल्या मराठी आणि एकूण भारतीय पालकांनी तरी हा आक्षेप समजून घ्यावा, कारण २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांतील हिंदू धर्माच्या चित्रणावरून जो संघर्ष झाला, त्यात हीच वेदना बोलत होती. त्या वेळी रास्त मागणी ही होती की आमचा धर्म बाहेरच्याच्या कुतूहलाने किंवा तिरस्काराने न रंगवता, तो पाळणाऱ्याला तो कसा दिसतो तेही सांगा. रास्त नव्हती ती, जातिव्यवस्था आणि स्त्रियांची स्थिती यांचे उल्लेख सौम्य करून घेण्याची धडपड. हेच माप प्युरिटनांना लावा. विन्थ्रॉपचे प्रवचन त्याच्या श्रोत्यांना कसे ऐकू आले असेल ते मुलांना समजू द्या, आणि त्याच्याच गव्हर्नरपदाच्या काळात अ‍ॅन हचिन्सनला काय भोगावे लागले तेही वाचू द्या. ज्या पालकाला आपल्या मुलाच्या पुस्तकात वारकऱ्यांची भक्ती आदराने यावी असे वाटते, त्याने चोखामेळ्याला मंदिराबाहेर का उभे राहावे लागले हा प्रश्नही त्याच पानावर यायला हरकत घेऊ नये. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या ज्या पालकाला शाळेच्या अभ्यासक्रमावर मत देण्याची संधी मिळते, त्याने प्युरिटनांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात, मग समोरच्या दोन्ही गटांना ते आवडो वा न आवडो.